गेटसमोरची पांढरी जीप

"लाव हितंच, गेटाला चिकटून. ह्या घरातली पोरगी काय बोलत न्हाई."

मी खिडकीच्या पडद्यामागेच उभी होते, त्यामुळे माझ्याविषयीचं मत मला थेट ऐकायला मिळालं. मत खरं होतं. दौंडच्या आमच्या घरासमोर मंगल कार्यालय होतं आणि लग्नतिथीला आमचं गेट म्हणजे वऱ्हाडाची हक्काची जागा. आई ओरडायची. वडील नुसते खाकरले तरी ड्रायव्हर गाडी हलवायचे. मी मात्र मनात आधी इंग्रजीत वाक्य जुळवायचे, मग त्याचं सभ्य मराठी करायचे. तोवर ड्रायव्हर पंगतीत बसलेला असायचा.

त्या दिवशीही तेच झालं. फरक इतकाच, की आई-वडील शिरूरला गेलेले आणि माझी कुरकुंभच्या एका कंपनीत पहिली मुलाखत. ओढणीच्या इस्त्रीपायी एसटी चुकलेली. राहिली अंगणातली स्कूटी. आमचं गेट बाहेरच्या बाजूला उघडतं. जीपला टेकेपर्यंत ढकललं तेव्हा फटीतून मी कशीबशी निघाले, ओढणीला गंज लावून. स्कूटी निघणं शक्य नव्हतं.

कार्यालयात माईकपाशी पाहुण्यांची नावं पुकारणारे एक मामा होते. मी जवळ जाऊन घुटमळले.

"नवरीची खोली तिकडं, ताई."

"नाही, ते... गाडी. आमच्या गेटसमोर जीप आहे."

"मग सांगा की! आत्ता पुकारतो. कसली?"

"पांढरी. पुढे झेंडूचा हार आहे."

मामांनी चटकन माईकवर हात ठेवला. "आवो, ती आबांची! नवरदेवाच्या आजोबांची!"

व्यासपीठावर आबांना फेटा बांधणं चाललं होतं.

"मला उशीर होतोय," मी म्हणाले. निदान ओठ तरी हलवले.

"मानाच्या माणसाला मी म्हणू व्हय, गाडी काढा म्हणून? पुढच्या लग्नाला मला कोण बोलवंल? घ्या, तुमीच बोला."

आणि त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

शाळेत इंग्रजी वक्तृत्वाचा कप मी मिळवला होता. विषय होता नागरिकांची कर्तव्यं. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. माझा श्वास कर्ण्यातून सगळ्या मांडवाला ऐकू गेला. पंगतीतल्या लोकांनी माना वर केल्या. आबांनी अर्धवट फेटा हातानं सावरत माझ्याकडे पाहिलं.

'एक्स्क्यूज मी' अगदी ओठांवर होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच, आणि तेही अजून न लागलेल्या नोकरीबद्दल:

"आबा, तुमची जीप काढा हो, माझी नोकरी चाललीय!"