नाथाजी आबांचा बारा कप चहा

आमच्या समोरच्या घरात नाथाजी आबा राहतात. सगळी नोकरी सातारा–सांगली एस.टी. चालवण्यात गेली. आता रिटायर झालेत, तरी कुणी दारात गाडी आडवी लावली की आतूनच ओरडतात. माझा नवरा जयराज मिलिटरीत, मी एमआयडीसीत कामाला. शाळा सुटल्यापासून मी घरी येईपर्यंत आमची साक्षी त्यांच्याच ओट्यावर असते. ते कधी बोलून दाखवलं न्हाई त्यांनी.

साक्षी सहावीत हाय. यंदा तिच्या अभ्यासात दशांशाचा भागाकार आला, अन् आमच्या घरातली शांती गेली. मी शेजारी बसून सराव घ्यायची. पोरगी सगळं नीट करायची, दोन्हीकडचं टिंब सारखं सरकवायची, उत्तर बरोबर काढायची, अन् मग खोडरबर घेऊन तेच उत्तर खोडायची. खोडून खोडून कागद फाटायचा. मी तापट, मला काय दम निघतोय? आवाज चढायचा माझा. मग ती वही मिटून बाजूला सारायची.

सोमवारी चाचणी व्हती. शनिवारी तिनं ताट बाजूला सारलं अन् म्हणाली, "आई, मी ढ हाय. मी सोमवारी जाणार न्हाई. आता कवाच जाणार न्हाई." जयराजला फोन लावला तर रेंज न्हाई. काय करावं सुचंना.

रविवारी सकाळी आबा आले. मी त्यांच्यापुढं गाऱ्हाणं सुरू केलं, तर हातानंच मला थांबवलं अन् तिलाच विचारलं की बाई, तू का खोडतीस? इतक्या दिवसांत हे मी विचारलंच नव्हतं. साक्षीनं वही दाखवली. एक पॉइंट दोनला शून्य पॉइंट एकनं भागायचं व्हतं. उत्तर बारा आलेलं. ती म्हणाली की भागल्यावर आकडा कमी व्हतो, हा तर वाढला, म्हणजे चुकलाच असणार. म्हणून ती टिंब घालून शून्य पॉइंट बारा करायची. आबांनी माझ्याकडं बघितलं. टिंब सरकवायचं मला ठाऊक व्हतं, आकडा का वाढतो ते मलाबी ठाऊक नव्हतं.

आबांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, आमच्या गाडीच्या वाटेवर एका फाट्यावर चहावाला हाय, दरसाली त्याचा कप बारीक व्हतो अन् किटली तेवढीच. एवढं बोलून उठले अन् घरी जाऊन बायकोला, अंजनाकाकूंना, चहाचं आधण ठेवायला लावलं. दूधवाल्या नानासोंकडनं मापं मागून आणली, एक लिटरचं अन् एक शंभर मिलीचं. साक्षीला म्हणाले, तूच मोज. तिनं एक मोठं माप अन् दोन बारकी, असा चहा किटलीत भरला. एक पॉइंट दोन लिटर. कप म्हणून तेच बारकं माप, शून्य पॉइंट एक.

"आता सांग, तुझ्या उत्तरानं किती माणसं चहा पितील?" आबांनी विचारलं.

ती वहीकडं बघत म्हणाली, "शून्य पॉइंट बारा."

"म्हणजे एकाचंबी तोंड ओलं व्हणार न्हाई व्हय गं? मग गल्लीला बोलवून माझी लाज घालवतीस का?"

तिला हसू फुटलं. किती दिवसांनी! आबांनी खरंच गल्लीला हाका मारल्या. माणसं पेले, वाट्या घेऊन आली. साक्षी मापानं ओतत गेली अन् मोजत गेली. बारावा कप नानासोंच्या वाटीत पडला अन् किटली रिकामी झाली. ती मापाकडं बघत राहिली.

"आबा, माप बारकं हाय म्हणून कप जास्त झाले," ती म्हणाली. "बारा बरोबर व्हतं. माझं पहिल्यापासनं बरोबर व्हतं."

मी आत जाऊन डोळे पुसले. सगळ्यांना चहा मिळाला, आबांना तेवढा उरला न्हाई.

सोमवारी ती माझ्याआधी तयार व्हती. गुरुवारी पेपर मिळाला, वीसपैकी चौदा. एक-दोन ठिकाणी पाढा चुकलेला. मी तोंड उघडलं अन् परत मिटलं. ती पेपर घेऊन समोर पळाली, तिच्यामागं मी. आबांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्यांनी मार्क विचारलेच न्हाईत. पेपरावरनं नुसता अंगठा फिरवला, वरपासनं खालपर्यंत.

"कुठंच खोडलं न्हाईस," ते म्हणाले.

"न्हाई आबा."

मला राहवलं न्हाई. म्हटलं, आवं आबा, तुमचे उपकार कसे फेडायचे आमी? त्यांना असलं बोललेलं आवडत न्हाई. कपाळाला आठ्या घातल्या अन् मला चहा टाकायला सांगितला.

"मोठ्या कपात दे," म्हणाले. "आज भागायचा न्हाई."