कूलर बंद केला तेव्हा

ये वं पोरी, जवळ ये. मी हे लिहून राहिली म्हणून काय झालं, समज की माझ्यापुढेच बसली आहेस. आधी थोडी बोलणी खा. लेकरू झोपत नाही म्हणून साऱ्या मोबाईलले विचारून झालं तुझं, मैत्रिणींना विचारून झालं, अन् आत्याची आठवण शेवटी? तेही दोन ओळींत. "दार लावून रडू देऊ का? हो की नाही ते सांग."

हो-नाहीत सांगता आलं असतं तर त्या उन्हाळ्यात प्रताप नगरात, लेकीच्या हॉलमध्ये, माझे हातपाय असे गार पडले नसते.

लेकीचं बाळंतपण माझ्याकडे सावनेरला झालं. माझ्या जुन्या लुगड्याची झोळी, छताच्या कडीला टांगलेली. दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची अन् मेथी निवडत बसायचं. पाय हलला की झोळी हलली, आतली नात गप. लेक फ्लॅटवर परत गेली तर तिथं छत गुळगुळीत, कडी कुठली? मग लोखंडी स्टँडची झोळी आणली. तर त्यात ही बाई हसत पडायची, झोपायची नाही. खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या तरच डोळा लागायचा, अन् खाली ठेवलं की परत डोळे टकटक उघडे. नातीचं उष्टावण झालं, लेकीची सुट्टी संपली, ऑफिस सुरू झालं, तरी तेच.

एक दिवस दुपारी तिचा फोन. आवाज असा, जसं कोणी दुसरीच बोलून राहिली.

"आई, आज सिग्नलवर डोळा लागला वं. गाडी चालू, पाय खाली, अन् मी झोपेत. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला तेव्हा उठली मी."

मी हातातली पोळी तव्यावरच टाकून बस पकडली.

घरी पोचले तर दोघांचं ठरलेलं. दिवेलागणी झाली की दूध पाजायचं, पाळण्यात ठेवायचं, खोलीचं दार लावायचं. रडली तर रडू द्यायचं, आपली आपण झोपायला शिकते म्हणे. जावयांनी सगळं वाचून काढलं होतं. डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले वजन चांगलं आहे, करून पाहा. आता यात मी काय बोलणार? पण तुला सांगते, या नातीला एक सवय होती. फार रडली की श्वास धरून ठेवायची. तोंड उघडं, आवाज नाही, ओठ काळपट, अन् मग एकदम श्वास यायचा. त्याचंही डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाबरू नका, मोठी झाली की जाते. मी ऐकलं. मन ऐकत नव्हतं.

"आई, तुम्ही मधे उठायचं नाही हं," जावई म्हणाले. हसून म्हणाले, पण खुर्ची टाकली ती बरोबर माझ्या अन् दाराच्या मधे.

"मी काहून उठीन? माझे गुडघे उठू देतील तेव्हा ना!"

"आई, तुले गंमत सुचून राहिली?" लेक भडकली.

"गंमत नाही वं माय. भीती वाटली की माझं तोंड चालते."

दार लागलं. आत एसी, बाहेर हॉलमध्ये त्यांचा जुना कूलर, तो असा गरजतो की टीव्हीसुद्धा ओरडून बोलतो. पोरगी रडायला लागली. आधी रागानं, मग हाका मारल्यासारखी. लेक ओढणीचं टोक दातात धरून बसली. माझ्या मनात एकीकडे ते काळपट ओठ, दुसरीकडे सिग्नलवर झोपलेली माझी पोरगी. दार उघड म्हणावं तर उद्या ही गाडीवरून पडते. नको म्हणावं तर आत ती. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही सुचेना.

मग आवाज थांबला.

"झोपली!" जावयांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "बघ, म्हटलं होतं ना मी?"

लेक हसली. कितीतरी दिवसांनी हसली ती. मलाही वाटलं, सुटलो. पण बाई, कूलरची ती घरघर मला काही सुचू देईना. मी उठले अन् बटण दाबलं. पंखा फिरत फिरत हळू झाला, पाण्याची टपटप राहिली, अन् त्यातून तो आवाज आला. ती झोपली नव्हती. घसा बसला होता तिचा. चिरक्या, बारक्या आवाजात ती रडतच होती अन् आम्ही बाहेर खुश होत होतो.

जावयांचा चेहरा पांढरा पडला.

अन् मग तोही आवाज तुटला. आता कूलर बंद होता, म्हणजे ही शांतता खरी होती. लेक धावली, दार उघडलं, पाळण्यातून उचललं. तोंड उघडं, ओठ तसेच. आम्ही तिघंही आमचेच श्वास धरून उभे. मग आला तिचा श्वास, मोठा, हुंदक्यासकट. लेक खाली फरशीवरच बसली.

"आई, सांग ना वं, आता काय करू मी?"

मला काय माहीत होतं? मी म्हटलं, "आज दार उघडं ठेव. उचलू नको, हलवू नको, पण हात दे तिले."

ती पाळण्यापाशी बसली, हात पोरीच्या छातीवर. रडली पोरगी, कुरकुरली, पण हात होता. कूलर आम्ही लावला नाही, घामानं निथळत बसलो. पुढच्या रात्रींत हळूहळू हात निघाला, मग तिची खुर्ची दाराकडे सरकली. पहाटेची पाळी माझी, म्हणजे लेकीला सलग झोप. मधे दात आले, सगळं बिघडलं, परत पहिल्यापासून. आता झोपते ती. पण कोणाची पोरगी दार लावून शिकली अन् छान वाढली, तेही मी पाहिलं आहे. म्हणून मी कोणाला चूक म्हणत नाही.

भीती मात्र गेली नाही. आजही नात शांत झोपली की मी तिच्या नाकापाशी बोट धरून पाहते. लेक हसते मला.

तुझं लेकरू कसं रडते ते मी ऐकलं नाही, अन् तुझे डोळे किती खोल गेले तेही पाहिलं नाही. तुझ्या त्या दोन ओळी वाचून मला तुझ्यासाठीच जास्त भीती वाटून राहिली. दार लावायचं की नाही, ते मग ठरवू. आधी बाळाला घेऊन ये. गाडी चालवत नको येऊ, कामठीहून बसनं ये, मी सावनेरच्या स्टँडवर घ्यायला येते. लेकरू माझ्याजवळ दे अन् तू पोटभर झोप. या रविवारीच ये, बाई.