कारल्याचा रस आणि माझी सुई

धाकटा नुकता चालायला लागला होता, तेव्हा मी वाळत चालले. हंडाभर पाणी प्यायले तरी तहान भागेना. दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डायबेटीस आहे, गोळ्यांनी भागणार नाही, रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागेल. सत्तरचं दशक सुरू झालं होतं आणि मी पंचविशीही गाठली नव्हती.

महाल भागातल्या आमच्या घरात फ्रिज कुठला? मी कुंडीत ओली वाळू भरून औषधाची बाटली तिच्यात पुरायचे आणि उन्हाळाभर वर पाणी शिंपडत राहायचे. काचेची पिचकारी उकळायची आणि स्वतःच टोचायची. हळूहळू अंगात जीव आला.

अशात नवऱ्याचे काका काटोलकडून मुक्कामाला आले. घरात त्यांचा शब्द शेवटचा. मुलांना जंत झाले की कारल्याच्या पानांचा रस, तळपायांची आग झाली की त्याच पानांचा लेप, तापानंतर तोंडाला चव यावी म्हणून कारल्याची भाजी. सगळा गोतावळा त्यांच्या औषधांवर वाढलेला. मीही त्यांना कधी नावं ठेवली नव्हती.

"सुई काहून घेते वं?" ते म्हणाले. "एकदा लागली का जन्माची लागते. सकाळी उपाशीपोटी कारल्याचा रस पी."

"रस पिते काकाजी, सुईही घेते."

"दोन्ही नाही चालत. औषधावर भरोसा पाहिजे."

सासूबाईंनी माझी पिचकारी उचलून आपल्या कपाटात ठेवली. नवरा पेपर वाचत राहिला. मी रस प्यायले. कडू जहर, तरी रोज प्यायले. काही दिवसांतच जीभ कोरडी पडली, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली.

डॉक्टरीणबाईंनी घरी लघवी तपासायला एक निळं औषध दिलं होतं. ते काचेच्या नळीत घेऊन त्यात लघवीचे थेंब टाकून तापवायचं. रंग निळाच राहिला तर ठीक, विटकरी झाला तर साखर फार. सगळे चहा पीत बसले होते तेव्हा मी तिथंच स्टोव्ह पेटवला.

"हे काय करून राहिली?" काकाजींनी विचारलं.

"तुमच्या रसाची परीक्षा."

नळीतलं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि पाहता पाहता विटकरी. मी नळी त्यांच्यासमोर धरली. "हे असंच राहिलं तर माझी लेकरं पोरकी होतील. पिचकारी द्या."

मग मीच कपाट उघडलं, पिचकारी उकळली. डोक्यावरचा पदर घसरला तो सावरला नाही. पोटावरची साडी बाजूला करून सगळ्यांदेखत सुई टोचली. काकाजी न जेवता निघून गेले.

"मोठ्यांचा मान ठेवायचा होता," नवरा म्हणाला.

"ठेवला होता. मरायचीच राहिले होते."

त्यानंतर माझ्या पिचकारीला कुणी हात लावला नाही. काकाजी दिवाळीला आले ते शेतातल्या कारल्यांची पिशवी घेऊन. "भाजी कर वं," एवढंच बोलले. मी दाण्याचा कूट भरून केली आणि त्यांच्याच पंगतीला बसून खाल्ली. मला कारलं आवडतं. आजही कुणीतरी येतं आणि रसावर सुई सुटते म्हणून सांगतं. मी त्यांना जेवायला वाढते, पण आधी त्यांच्यासमोरच सुई घेते.