दोन टक्के कमी

हिंदुरावचा उजवा गुडघा पहारीच्या एका घावात फुटला. वाघोलीच्या मागच्या अंगाला एका प्लॉटवर दोन पार्ट्या भिडल्या होत्या आणि हिंदुराव त्यातल्या एका पार्टीचा माणूस होता. समोरून आलेले तिघे त्याने आडवे केले. एकाला उचलून तारेच्या कुंपणावर फेकलं, दुसऱ्याचं डोकं जीपच्या बॉनेटवर आपटलं, तिसऱ्याचा हात खांद्यातून निखळवला. चौथा मागून आला. पहिला घाव गुडघ्यावर बसला आणि तो खाली कोसळल्यावर दुसरा कमरेवर. "ऊस मोडल्यावानी आवाज झाला, मॅडम," असं तो सांगतो. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर दुःख कमी आणि त्या तिघांचा अभिमान जास्त असतो. अशा वेळी मला त्याला चार शब्द सुनावावेसे वाटतात. बरेचदा सुनावतेही.

मी वासंती. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात, फिजिओथेरपी विभागात झाली. लोकांचे हातपाय वाकवायचे आणि त्यांच्या शिव्या खायच्या. निवृत्तीनंतर मुलाच्या हट्टापायी पेठेतलं घर सोडून वाघोलीत टॉवरमध्ये राहायला आले. इथे पाणी टँकरचं आणि शेजारी कोण राहतं हे विचारणं गावंढळपणाचं. माझ्याशी दोन वाक्यं सरळ बोलणारी एकच बाई, स्वयंपाकाला येणारी द्वारका. हिंदुराव तिचा नवरा.

तो पैलवान होता. तालमीत वाढला, जत्रांचे फड गाजवले, आणि कुस्ती सुटल्यावर हिंमतरावाच्या हाताखाली गेला. दुसऱ्याच्या मोकळ्या जमिनीवर माणसं बसवायची, खऱ्या मालकाला दम द्यायचा आणि तो टेकीला आला की सौदा करायचा, याला पुण्यात ताबा मारणं म्हणतात. हिंमतराव तेच करतो. गुडघा फुटल्यावर तो दवाखान्यात मोसंबी घेऊन आला आणि पुढे काठी टेकत चालायला लागलेल्या हिंदुरावला म्हणाला, "आता मारामारी नको करू. प्लॉटवर खुर्ची टाकून नुसतं बसायचं. तुझं नाव ऐकूनच लोक मागं फिरत्याल."

द्वारकेने त्या दिवशी माझ्याकडे पोळ्या जाळल्या. "काकू, ज्याला पळता येईना त्याला राखणीला बसवाया निघालेत. ज्यांची हाडं मोडलीत ती माणसं गप बसत्याल व्हय? खुर्चीतच तोडत्याल." ती वाढवून सांगत नव्हती. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्याच प्लॉटवरच्या माणसाला असं कोयत्याने तोडलं होतं. सकाळी कामाला निघालेल्या बायकांनी तो पाहिला, त्यात द्वारका होती.

यातून बाहेर पडायला एकच वाट होती. अपंगांसाठी चहाच्या स्टॉलचे परवाने निघाले होते आणि त्यासाठी चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागत होता. हिंदुरावची अवस्था मी बघितली होती. गुडघा कळ आल्याशिवाय अर्धाही वाकत नव्हता, मांडी वाळलेली, पावलात जोर नाही. माझ्या अंदाजाने चाळिसाच्या वर सहज जायला हवा होता. मी द्वारकेला निर्धास्त राहा म्हणून सांगितलं. पैलवान नावाच्या प्राण्याशी माझा पूर्वी संबंध आला नव्हता.

तपासणीच्या दिवशी काय झालं ते द्वारकेकडून ऐकलं. डॉक्टरांनी हिंदुरावला टेबलावर बसवलं, पावलाला हात लावला आणि म्हणाले, "लावा जोर." आता तालमीत लहानपणापासून शिकवलेलं काय, तर समोरच्याने अंगाला हात लावला की हटायचं नाही. त्याने दात आवळले आणि असा जोर लावला की डॉक्टरांची खुर्ची मागे सरकली. मग डॉक्टरांनी विचारलं, "खाली बसून उठता येतं का?" यावर या शहाण्याने काय विचारावं? "किती मारू?"

आणि त्याने बैठक मारली. द्वारका सांगत होती, हाडावर हाड घासल्याचा आवाज खोलीभर ऐकू आला, कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, ओठ चावून रक्त आलं. पण आधार न घेता तो उठला आणि छाती काढून उभा राहिला. बाहेर येऊन बाकावर आडवा झाला. पण ते बाहेर. बाहेरचं कोण मोजतं?

दाखला आला अडतीस टक्क्यांचा.

"अभिनंदन," मी हिंदुरावला म्हटलं, "कुस्ती मारलीत. आता गदा कुठे ठेवणार?"

तो हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, परक्या माणसानं पाय धरल्यावर मला सोडता येत न्हाय. अंगच ऐकत न्हाय." मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी कीवही आली. दोन्ही खरं आहे.

मी त्याला समजावलं की अपील करता येतं, पुन्हा तपासणी होते, दोन टक्क्यांनी आभाळ कोसळत नाही. माझं चुकलंच ते वाक्य. दोन टक्के एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं.

तीन-चार दिवसांनी, दुपारच्या वेळी, हिंमतरावाचा माणूस त्यांच्या खोलीवर येऊन गेला. "सोमवारपासनं बसायला ये, नायतर आमचं-तुमचं मिटलं," असा निरोप. मिटलं म्हणजे काय ते त्या घरात सगळ्यांना कळत होतं. इतकी वर्षं हिंदुरावनेच लोकांना तसले निरोप पोचवले होते. तो माणूस गेल्यावर हिंदुरावने आधी दार लाथेने मोडलं, लाथ चांगल्या पायाची. मग मांडणी ओढून खाली पाडली. द्वारका भांडी गोळा करायला वाकली तेव्हा तो जमिनीवर पाय पसरून बसला होता आणि हातात वरवंटा होता.

"दोनच टक्के कमी हायत न्हवं?" तो म्हणाला. "घेतो भरून."

वरवंटा त्याने डोक्याच्या वर नेला आणि पूर्ण ताकदीनिशी स्वतःच्या गुडघ्यावर आणला. द्वारकेला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. तिने हात मध्ये घातला.

उजव्या हाताची दोन बोटं चिरडली, तळहाताचं एक हाड मोडलं. ती माझ्याकडे आली तेव्हा हात पदरात गुंडाळलेला होता आणि पदरातून जिन्यावर रक्त ठिबकत होतं. मागून हिंदुराव भिंत धरत चढत होता. लिफ्टमध्ये रक्त सांडायला नको म्हणून वॉचमनने त्यांना जिन्याने पाठवलं होतं. त्या वॉचमनला मी नंतर काय बोलले ते इथे लिहीत नाही.

हिंदुराव माझ्या दारात उभा राहून भिंतीवर डोकं आपटत होता. मी त्याच्या थोबाडीत मारली असती, पण मला आधी तिचा हात बांधायचा होता. "हिंदुराव," मी म्हटलं, "आता थांबला नाहीत तर मी पोलिसांना बोलावीन, आणि ते आल्यावर तुमच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही." तो थांबला. द्वारका मात्र दातावर दात ठेवून म्हणाली, "काकू, त्यांना पाणी द्या आधी." या बाईचा मला त्या दिवशी नवऱ्यापेक्षा जास्त संताप आला.

अपील मीच लिहून दिलं. तारीख मिळेपर्यंतचे दिवस द्वारकेने त्याला घराबाहेर पडू दिलं नाही. सोमवार आला तशी हिंमतरावाची माणसं गल्लीत दोन चकरा मारून गेली. एका रात्री खिडकीची काच फुटली. पुढची पायरी कोणती हे हिंदुराव आम्हाला नीट समजावून सांगू शकत होता, आणि त्याने सांगितलीही. दाखला मिळाला, स्टॉल मिळाला, पोलीस चौकीसमोरची जागा मिळाली तरच ही माणसं नाद सोडणार होती.

रोज संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर जायचे आणि त्याला हरायला शिकवायचे. "नाटक करायचं नाही," मी बजावलं होतं. "नाटक मी शंभर पावलांवरून ओळखते, तेही ओळखतील. दुखलं की ओरडायचं, पाय सुटला की सुटू द्यायचा. बस्स." मी पाऊल दाबलं की त्याचे डोळे लाल व्हायचे, मानेच्या शिरा फुगायच्या आणि पाय लोखंडासारखा व्हायचा. मी ओरडायचे, तो माफी मागायचा, पुन्हा तेच. आयुष्यात असा बिनडोक विद्यार्थी मला मिळाला नाही.

अपिलाच्या तपासणीला मी नात्यातली म्हणून आत गेले. तिघे डॉक्टर होते. मधल्या बाईंनी कागद चाळले, द्वारकेच्या हाताच्या प्लास्टरकडे बघितलं आणि विचारलं, "यांना काय झालं?"

"मोरीत घसरले," द्वारका म्हणाली.

"म्या मोडला," हिंदुराव म्हणाला. "माझा पाय मोडाया गेलो, हिनं हात घातला."

बाईंनी त्याला टेबलावर बसायला सांगितलं, पाऊल हातात धरलं आणि तेच दोन शब्द म्हणाल्या, "लावा जोर."

मला दिसलं, तो पुन्हा तेच करत होता. जबडा आवळला, श्वास कोंडला, मानेची शीर टरारली. पाय जागचा हलेना. बाई लिहायला पेन उचलणार, इतक्यात कोपऱ्यातून द्वारका उठली. लग्नाला वीस वर्षं झाली, पण चारचौघांत ती नवऱ्याचं नाव घेत नाही, त्याच्यापुढे चालत नाही. ती टेबलापाशी गेली आणि डाव्या हाताने तिने त्याच्या कानाखाली ठेवून दिली. असा आवाज झाला की दाराबाहेरचा शिपाई आत डोकावला.

"सोडा!" ती किंचाळली. "मेलेल्या पायाला किती राखताय? सोडा म्हणते ना!"

त्याने श्वास सोडला आणि पाय सुटला. बाईंच्या हातातून पाऊल निसटून खाली लोंबलं, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी इतक्या वर्षांच्या नोकरीतही ऐकला नव्हता. वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं एकदम आलं. तो टेबलावर उताणा पडला, पाठ पूर्ण टेकवून, आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. बाईंनी घाई केली नाही. कोन मोजले, मांडीचा घेर मोजला, पुन्हा पुन्हा दाबून बघितलं. मीही रडत होते, उगाच कशाला लपवू.

शेहेचाळीस टक्के मिळाले. चौकीसमोरचा स्टॉलही मिळाला आणि हिंमतरावाने दुसरा कोणी पैलवान शोधला. स्टॉल बरा चालतो. हिंदुराव खुर्चीत बसून चहा गाळतो आणि बाकीचं सगळं द्वारका करते. प्लास्टर निघाल्यावर तिची दोन बोटं आत वळलेलीच राहिली. मी रोज व्यायाम करून घेतले, गरम मेणाचा शेक दिला, पट्ट्या बांधल्या. काही उपयोग झाला नाही. माझ्याकडचा स्वयंपाक तिने सोडला, कारण लाटणं धरवत नाही.

मागच्या आठवड्यात मी स्टॉलवर गेले होते. जुन्या खात्यातल्या एका डॉक्टरांना मी तिच्या हाताचं विचारलं होतं, ते तिला सांगितलं. "द्वारके, दोन बोटांचे सगळे मिळून दहा टक्केसुद्धा होत नाहीत गं. तुला काही मिळणार नाही."

द्वारका बरणीचं झाकण दातांनी उघडत होती. झाकण हातात घेऊन ती मोठ्याने हसली. "मग काय काकू, बाकीची पण मोडून घेऊ?"

हिंदुरावच्या हातातलं पातेलं तसंच कललेलं राहिलं आणि चहा कपाबाहेर, त्याच्या मांडीवर सांडत गेला. उकळता चहा होता. त्याने हात मागे घेतला नाही की तोंडातून आवाज काढला नाही.