सुरेशचा डावा कान

मंडळी, आज दुपारी अमळनेरच्या एसटी स्टँडवर शाळेतला सुरेश भेटला, बायकोसोबत. पस्तीस वर्षांनी! शेजारी बसून मी बोलायला लागलो, तर म्हणाला, "भाऊ, इकडून बोल. तो कान बंद शे."

डावा कान. मी उठून दुसऱ्या बाजूला बसलो.

आठवीत आमच्या अ आणि ब तुकडीचं कबड्डीवरून हाडवैर होतं. एकदा आम्ही दोघं मैदानात भिडलो. सरांनी सगळ्या शाळेसमोर उभं करून एकमेकांच्या थोबाडीत मारायला लावलं. हळू मारेल त्याला छडी. तेव्हा शिक्षेची हीच पद्धत होती.

पहिली पाळी सुरेशची. त्यानं माझ्या गालाला नुसता हात लावला आणि छड्या खाल्ल्या. मग मी. त्याच्या डाव्या कानाखाली जीव खाऊन ठेवून दिली. आमच्या तुकडीनं टाळ्या वाजवल्या.

"कानाला काय झालं?" मी कसंबसं विचारलं. उत्तर त्याच्या बायकोनं दिलं, "लहानपने ताप उना व्हता यास्ले."

सुरेश माझ्याकडे बघत राहिला.

त्यानं घरी ताप सांगितला. मी मात्र माझ्या पोरांना हा किस्सा हसत हसत सांगत आलोय.

शाळेतल्या मारामाऱ्यांच्या गमती तुम्हीही सांगत असाल. ज्याला मारलं, तो कधी भेटलाय का तुम्हाला?