टपावरचे चेअरमन साहेब

आमच्या दूध संस्थेच्या संचालकांपैकी एकालाही स्वतःच्या पैशाने पेट्रोल भरताना मी कधी पाहिलं नाही. तरी गाडीचं ॲव्हरेज कसं वाढवावं, यावर त्यातला प्रत्येक जण तासभर बोलू शकायचा.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. मी पदवी घेऊन उमापूरला परतलो होतो आणि संस्थेची दुधाची गाडी चालवत होतो. गाडी म्हणजे एक जुनी, छोटी मोटार. मागचं सीट काढून तिथे कॅन ठेवायचे, सकाळी वस्त्यांवरून दूध गोळा करायचं आणि ऊन चढायच्या आत गेवराईला शीतकरण केंद्रावर पोचवायचं. वडिलांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली, छापली आणि चौकात उभं राहून वाटली. मी अक्षरं ओळखायला शिकलो ती त्या पत्रकांवर. त्यामुळे 'सहकार' हा शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होता. तो प्रत्यक्षात कसा दिसतो, हे मात्र या गाडीच्या टपावर कळलं.

टपावरच्या कॅरिअरला पत्र्याचा एक फलक उभा ठोकला होता, जवळजवळ गाडीच्याच रुंदीचा. त्यावर चेअरमन साहेब हात जोडून हसत होते आणि खाली लिहिलं होतं, 'दुष्काळात आपल्या सोबत'. साहेब स्वतः बीडला राहायचे. सोबतीला त्यांनी पत्रा धाडला होता.

फेब्रुवारीच्या बैठकीत विषय निघाला की गाडी फार पेट्रोल पिते, म्हणून सगळ्यात लांबच्या वस्तीची फेरी बंद करावी. त्या वस्तीवरची बहुतेक घरं उसाला गेली होती. मागे राहिलेल्यांत एक मावशी होती. तिचा मुलगा आणि सून ऊस तोडायला गेलेले, आणि ही दोन नातवंडं आणि एक गाय घेऊन मागे थांबलेली. गाईच्या दुधावर घर चालायचं, म्हणून नातवंडं शाळेत होती.

"गाडी बंद झाल्यावर मी काहून थांबू हितं?" ती मला म्हणाली. "गाय इकायची अन् लेकरं घेऊन उसाच्या फडावर जायाचं. मग कसली शाळा? तुज्या गाडीचं काय ते तू बग बाबा."

मी बैठकीत एक महिन्याची मुदत मागितली. साहेबांनी ती दिली आणि वर सल्लाही दिला. "उतार आला की न्यूट्रल करायची अन् चावी बंद. गाडी फुकटात जाती."

"आणि ब्रेक, साहेब?"

"लई शिकलाय बे हा," शेजारचे संचालक म्हणाले, आणि सगळे हसले.

चावी बंद केली की ब्रेकचा जोर जातो आणि स्टिअरिंग हाताला जड होतं, हे सांगायची सोय नव्हती. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवून पाय उचलला तर इंजिन पेट्रोल जवळजवळ घेतच नाही, उलट न्यूट्रलमध्ये घेत राहतं, हे तर त्यांच्या कानांपर्यंतही पोचलं नसतं. दुसरे संचालक म्हणाले, टाकीत डांबरगोळ्या टाक. तिसरे म्हणाले, गाडी हलली की लगेच टॉप गिअर. हे सगळं चाललं असताना साहेबांची जीप दारात इंजिन चालू ठेवून उभी होती. साहेब परत बसतील तेव्हा आत गार असावं म्हणून. बचत ही या लोकांच्या लेखी नेहमी दुसऱ्याने करायची गोष्ट असते.

मी माझ्या परीने लागलो. टायरमध्ये नीट हवा भरली. त्या वर्षी रस्त्यावर पाण्यापेक्षा धूळच जास्त होती. एअर फिल्टर काढून झटकला तर अंगणभर फुफाटा उडाला. इंजिन ओरडायच्या आधी गिअर वर टाकू लागलो, लांबून म्हैस दिसली की आधीच पाय उचलू लागलो. वस्तीवर दूध मोजून होईपर्यंत गाडी बंद ठेवू लागलो. फरक पडला, पण पुरेसा नाही. गेवराईच्या रस्त्यावर समोरून वारा आला की फलक घुमायला लागायचा, गाडी दमायची, आणि मला चौथ्यातून तिसऱ्यात यावं लागायचं. रिकाम्या गाडीतही तेच. म्हणजे दुधाचं ओझं नव्हतंच ते.

मी साहेबांना सरळ सांगितलं, फलक काढावा लागेल.

"फलक काढल्यावर लोकांना कसं कळंल, गाडी कुणाची हाय?"

"सभासदांची आहे. लोकांना माहीत आहे."

ते फोन घेऊन बाहेर गेले. परवानगी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी मी भर सकाळी, वस्तीतल्या सगळ्यांसमोर पाना काढला.

"काय करायलास रे?" मावशीने विचारलं.

"साहेबांना खाली उतरवतोय."

"मग मला दे की. गव्हाणीवर लई ऊन येतंय."

महिना संपला तेव्हा त्याच फेरीला कितीतरी कमी पेट्रोल लागलं होतं. साहेबांचा विश्वास बसेना. ते म्हणाले, मी स्वतः बघतो. मी दूध मोजत असताना संचालकांना घेऊन ते जीपने वस्तीवर आले, काचा वर करून. खाली उतरले, आणि समोर स्वतःलाच हसताना पाहिलं. मावशीने चार लाकडं रोवून फलक गव्हाणीवर, चित्राची बाजू खाली करून, तिरपा बांधला होता. खाली गाय कडबा ओढत होती, आणि साहेब वाकून, हात जोडून तिला नमस्कार करत होते.

"हे हितं कुणी आणलं?"

"मी," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या की साहेब," मावशी म्हणाली. "सोबत म्हून लिवलंय त्याच्यावर. गाडीवर व्हतं तवा नुसतं पेट्रोल खायाचं. आता खरंच सोबत हाय, सावली देतंय."

एका संचालकाला खोकला आला. वस्तीवरची म्हातारी माणसं गोळा झाली होती आणि कुणी जागचं हलत नव्हतं. तेवढ्या माणसांसमोर, पेट्रोल वाचलेलं असताना, फेरी बंद करायला साहेबांना कारण सापडलं नाही. "चालू ठेवा," असं माझ्याकडे न बघता बोलून ते जीपमध्ये बसले.

पुढच्या बैठकीत ठराव झाला की चेअरमन साहेबांच्या मार्गदर्शनामुळे संस्थेची इंधन बचत झाली. ठरावाची प्रत मी घरी आणली. वडिलांनी ती वाचली, उलटून पाहिली आणि म्हणाले, "मागची बाजू कोरी आहे. ठेव, पत्रकाला कामी येईल."

दुसऱ्या दिवशी वस्तीवर पोचलो तेव्हा नातवंडं दप्तरं घेऊन निघाली होती आणि मावशी भरली चरवी घेऊन रस्त्याला उभी होती. गावात कुणीतरी सांगितलं होतं की साहेबांनी नवा फलक बनवायला टाकलाय, पहिल्यापेक्षा मोठा. मी दूध मोजून घेतलं. पाना सीटखालीच ठेवला होता, तो तिथेच राहू दिला.