बाबांनी एकट्याने दिलेलं मत

ठाण्याच्या लॉ कॉलेजात मी निवडणूक कायदा शिकवते. गुप्त मतदानाचा विषय निघाला की मॅडमची गाडी थांबत नाही, अशी विद्यार्थ्यांची तक्रार असते. आणि माझ्याच माहेरी, कोपरला, बाबांचं मत गेली कित्येक वर्षं माझा धाकटा भाऊ देत होता.

काचबिंदूने बाबांची दृष्टी गेली, तेव्हापासून तो सोबती म्हणून त्यांच्याबरोबर आत जायचा. कायद्यात तशी सोय आहे. सोबत्याच्या उजव्या बोटाला शाई लावतात, म्हणून मतदानाच्या संध्याकाळी हा पक्षाच्या ऑफिसात दोन्ही हातांची बोटं नाचवत बसायचा. "बाबांचं काय, घरचंच मत!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गेल्या विधानसभेच्या आधी बाबांचा फोन आला. "या वेळी मला एकट्याला जायचंय. शिकव."

मी बुटांच्या खोक्यावर बटणांच्या जागी टिकल्या एकाखाली एक चिकटवल्या आणि उमेदवारांची नावं यंत्रावरच्या क्रमाने वाचून दाखवली. बाबा रोज दुपारी खोकं मांडीवर घेऊन चाचपत बसायचे.

भाऊ वैतागला. "ताई, कशाला त्रास देतेयस त्यांना? भलतंच बटण दाबतील ना!"

"दाबू देत. मत त्यांचं आहे."

माझं नाव ठाण्याच्या यादीत, त्यामुळे त्या दिवशी मला आत प्रवेश नव्हता. शाळेच्या वर्गाच्या दाराशीच उभी राहिले. बाबांची काठी बघून केंद्राध्यक्षांनी विचारलं, "सोबत कोण आलंय?" भाऊ सवयीने पुढे सरकला. मला ओरडावंसं वाटलं, पण बोलायचं बाबांनीच होतं.

"कुणी नको," बाबा म्हणाले. "मशीनपर्यंत न्या, पुढचं माझं मी बघतो."

"काका, जमेल का?"

"डोळे गेलेत साहेब, मत नाही गेलेलं."

पुठ्ठ्याच्या आडोशामागे बाबा दिसेनासे झाले. रांगेत चुळबूळ सुरू झाली. बीप काही वाजेना. भाऊ माझ्याकडे बघत होता, सांगितलं होतं ना, अशा चेहऱ्याने.

आणि तो लांबलचक बीप वाजला! मी दारातच टाळ्या वाजवल्या. पोलिसाने डोळे वटारले, तरी वाजवत राहिले. इतका आनंद मला कुठल्याही निकालाने दिलेला नाही.

परतताना रिक्षात भाऊ आपलं उजवं, कोरं बोट चोळत बसला होता. मला काही राहवेना. हळूच विचारलं, "बाबा, कुणाला दिलंत?"

बाबा रस्त्यावरची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्याने हसले.

"वर्गात हेच शिकवतेस का गं?"